टाचण सात पानांचं, आणि एका प्रश्नाला उत्तर नाही

हिशेबवही यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

शिक्षक प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहिली ते आठवीपर्यंत कुठेही शिकवता येईल असा अभ्यासक्रम. त्याआधी नऊ वर्षं हिशेब लिहिण्याचं काम केलं, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. गटातले बाकीचे छात्राध्यापक माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मला सगळे ताईच म्हणतात, आणि फळा नीट पुसायचं काम आपोआप माझ्याकडे आलंय.

सूक्ष्म पाठ छान झाले होते. सहा मिनिटांचा पाठ, समोर आपल्याच मैत्रिणी मुलं होऊन बसलेल्या. त्या चुकत नाहीत, आणि चुकल्याच तर आधी ठरवून चुकतात. मला वाटलं, जमतंय.

मग खऱ्या वर्गात सराव पाठ सुरू झाले. सहावीचा वर्ग, घटक अपूर्णांकांचा भागाकार. पस्तीस मिनिटांच्या तासाला माझं टाचण सात पानांचं. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, प्रस्तावनेचे पाच प्रश्न, हेतुकथन, फलक लेखनाचा आराखडा, सगळं शाईने. दुसऱ्या अपूर्णांकाचा व्यस्त घ्यायचा आणि गुणायचं, हे मी रंगीत खडूने चौकटीत लिहिलं. ३ ÷ १/२ = ३ × २ = ६. मुलांनी उतरवून घेतलं. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, भागल्यावर कमी होतं ना? मग तीनाचे सहा कसे झाले?"

मी म्हणाले, "अपूर्णांकाचा नियम तसाच आहे. दोन-तीन उदाहरणं सोडवलीस की कळेल."

ती "हो" म्हणाली आणि खाली बसली. पेनाचं टोपण लावलं. पुढची वीस मिनिटं ते टोपण निघालं नाही. माझं सगळं लक्ष तिकडेच, आणि तोंडाने मी चौथं उदाहरण सांगतेय.

निरीक्षकांनी लाल शाईने अभिप्राय लिहिला: "फलक लेखन सुवाच्य. आवाज स्पष्ट. वेळेचे नियोजन उत्तम." त्या प्रश्नाबद्दल एक अक्षर नाही. गुण चांगले मिळाले, आणि तेच जास्त लागलं.

घरी येऊन कागदावर मांडून पाहिलं. उत्तर सहा येतं हे मला माहीत आहे, सहाच का येतं हे मला कुणाला सांगता येत नाही. नऊ वर्षं आकड्यांत घालवून ही गत.

आता तीन आठवड्यांनी पुढचे बारा पाठ आहेत, सात वरच्या वर्गांवर, पाच पहिली-दुसरीवर. तयारी नक्की कशाची करायची? टाचण अजून बारकाईने लिहू, की लिहिणं कमी करून दुसरंच काही करू? आणि दुसरा प्रश्न, थोडा लाजत विचारतेय: हे असंच चालणार असेल तर मी लहान वर्गच धरावेत का? तिथे निदान असे प्रश्न येत नाहीत.

---

जुनाखडू यांचा प्रतिसाद

ताई, मी बावीस वर्षं छात्राध्यापकांचे पाठ तपासले. तुमच्या वहीवर आहेत तसले अभिप्राय मीही शेकड्यांनी लिहिलेत, तेव्हा आधी माझ्याच जातीची कबुली देतो. मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला फळा दिसतो, आवाज ऐकू येतो, घड्याळ दिसतं. टोपण दिसत नाही. तुम्हाला दिसलं.

"नियम तसाच आहे" हे वाक्य तुमचं नव्हे. तुमच्या कुठल्यातरी जुन्या बाईंचं किंवा गुरुजींचं असणार, आठवून बघा. डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हे नेमकं धरलं. तिथला मुलगा शालेय शिक्षण संपवतो तोवर त्याने सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या समोर काढलेले असतात, असा त्याने हिशेब मांडला. म्हणजे आपण प्रशिक्षणाला येतो ते कोरे येत नाही, बाकावर बसून एक उमेदवारी करून येतो. फक्त त्या उमेदवारीत शिक्षकाचं बोलणं ऐकू येतं. तो घरी काय विचार करून आला होता ते दिसत नाही. गडबडीच्या क्षणी तोंडातून तेच ऐकलेलं बाहेर पडतं.

आता भागाकार. तुम्ही एकट्या नाही. लिपिंग मा यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे गणित दिलं होतं आणि त्यावर एक गोष्टीरूप उदाहरण रचायला सांगितलं होतं. अमेरिकेतले २३ प्राथमिक शिक्षक होते, त्यांतल्या ९ जणांचंच उत्तर पूर्ण आणि बरोबर आलं. चीनमधल्या सगळ्या ७२ जणांचं आलं. पण खरी मौज गोष्टीची. अमेरिकेतल्या बऱ्याच जणांनी जी गोष्ट रचली ती अर्ध्याने भागण्याची नव्हती, दोघांत वाटण्याची होती, म्हणजे दोनाने भागण्याची. तुम्हीही आत्ता मनात रचून बघा, पहिली गोष्ट बहुतेक वाटणीचीच सुचेल.

वर्गात नेऊन बघायचं असेल तर फीत घ्या. पावणेदोन मीटर फीत, अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे किती? मुलांना कापू द्या. तीन तुकडे पडतात आणि थोडी फीत उरते. इथे थांबा आणि उत्तर विचारा. निम्मा वर्ग म्हणेल "सव्वातीन". कारण उरलेली फीत मोजली तर पाव मीटर भरते. नियमाने उत्तर साडेतीन येतं. आता भांडू द्या त्यांना. उरलेला तुकडा पाव मीटर आहे हे खरं, पण आपण मीटर मोजतच नाही आहोत, तुकडे मोजतोय, आणि पाव मीटर म्हणजे अर्धा तुकडा. "भागल्यावर वाढलं कसं" याचं उत्तरही त्यातच आहे. लहान मापाने मोजलं की मापं जास्त भरतात. तुमच्या त्या मुलीला व्यस्त-बिस्त काही नको होतं, कात्री हवी होती.

टाचणाचं म्हणाल तर पानं कमी-जास्त करू नका. पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे तुम्ही काय विचारणार ते. उजवीकडे मुलं काय म्हणतील ते, आणि त्यातही चुकीची उत्तरं आधी. आपल्याकडे टाचण हर्बार्टच्या पंचपदीवरून आलं. प्रस्तावना, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. खुद्द हर्बार्टच्या चारच पायऱ्या होत्या, पाच केल्या त्याच्या शिष्यांनी. त्या पाचांत मूल सगळीकडे गृहीत धरलेलं आहे, लिहिलेलं कुठेच नाही. जपानमधले शिक्षक एकत्र बसून पाठ बेततात तेव्हा मुलांच्या अपेक्षित उत्तरांना आराखड्यात वेगळा रकाना असतो. ती चाल उचला.

सूक्ष्म पाठाचं एक राहिलं. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत निघाली तेव्हा समोर चार-पाच खरी मुलं बसवत, आणि पाठ फसला की सुधारून पुन्हा घ्यायला लावत. मैत्रिणींना मुलं बनवणं ही नंतरची सोय.

---

टिपकागद यांचा प्रतिसाद

सर, ऐकायला छान आहे. मीही प्रशिक्षणार्थीच आहे. आमच्याकडे टाचणाचा नमुना ठरलेला. रकाने मोजून पाच, त्यात सहावा काढला की वही परत. मैत्रिणीने उजव्या बाजूला "विद्यार्थी चुकीचे उत्तर देऊ शकतात" असं लिहिलं होतं, तर शेरा आला, "नकारात्मक अपेक्षा ठेवू नये." आता बोला.

---

जुनाखडू यांचा प्रतिसाद

टिपकागद, शेरा वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. दोन वह्या ठेवा. एक त्यांची, एक तुमची. त्यांची सुवाच्य अक्षरात, तुमची पेन्सिलने. मैत्रिणीने "चुकीचे उत्तर देऊ शकतात" असं मोघम लिहिलं ते मात्र मलाही पटलं नाही. कोणतं चुकीचं उत्तर, ते लिहायचं. "सव्वातीन म्हणतील" असं.

---

पहिलीचीबाई यांचा प्रतिसाद

हिशेबवही ताई, तुमचा दुसरा प्रश्न वाचून चहा... जाऊ दे. लहान वर्गात असे प्रश्न येत नाहीत? येतात हो. फक्त ते हात वर करून विचारत नाहीत, वहीत लिहून ठेवतात. आपल्याला वाचता आलं पाहिजे.

मागच्या आठवड्यातली उदाहरणं देते, सगळी एकाच वर्गातली.

मी म्हटलं "पंचवीस", एकीने लिहिलं ५२. आळशी नाही, उलट कान देऊन ऐकणारी आहे. आपण आधी "पंच" म्हणतो आणि मग "वीस", तिने ऐकलं त्याच क्रमाने लिहिलं. आपल्या भाषेत एकक आधी बोलतात आणि लिहिताना दशक आधी येतो, हे तिला कुणी सांगितलंय का? पुढे तिचं एकोणतीस-एकोणचाळीसचं काय होणार ते वेगळंच. त्यात तर आकडा नऊ आहे आणि बोलण्यात नऊ कुठेच नाही.

एकाने "एकशे तीन" हे १००३ असं लिहिलं. शंभर लिहिले, तीन लिहिला. त्याच्या बाजूने चोख.

तिसरा, ५२ वजा ३८ बरोबर २६. पाचातून तीन गेले दोन. दोनातून आठ जात नाहीत, मग आठातून दोन घालवले, सहा. "मोठ्यातून लहान वजा करायचा" हे त्याला मीच सांगितलं होतं. महिन्यापूर्वी. मीच.

लाल पेनने तीन फुल्या मारायला तीन सेकंद लागतात. तिघांची कारणं तीन, उपाय तीन. पहिलीला गोष्टीचा अंक-खेळ पुरेल, दुसऱ्याला दशकांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात द्याव्या लागतील, तिसऱ्यासमोर मला आधी माझं वाक्य मागे घ्यावं लागेल.

वाचनातही तेच. चित्रात नदी, खाली शब्द "नदी", मूल मोठ्याने म्हणतं "पाणी". तुम्ही दुरून ऐकलंत तर वाटेल, वाचतंय. चित्र हाताने झाका आणि मग ऐका.

पाच पाठ मिळालेत ना? त्यातल्या एका वर्गावर आधी एक अख्खा दिवस नुसत्या जाऊन बसा. खाली, मुलांच्या उंचीवर. एकच मूल निवडा आणि दिवसभर तेवढंच बघा. कधी लिहितं, कधी शेजारच्याचं बघतं, कधी खिडकीबाहेर, कोणत्या शब्दाला अडतं. त्यावर शेरे लिहायचे नाहीत. "चंचल आहे" हे लिहायचं नाही. "अकरा वेळा मागे वळलं, नऊ वेळा फळ्यावरचं दिसत नव्हतं म्हणून" हे लिहायचं. मी प्रशिक्षणात असताना हे करायला लावलं होतं तेव्हा फार कंटाळा आला होता. बाकी बरंच विसरले, ते मूल आठवतं.

आणि लहान वर्ग सोपे म्हणून धरणार असाल तर कृपया धरू नका. आवडतात म्हणून धरा.

---

सातवीब यांचा प्रतिसाद

मी वरच्या वर्गांना विज्ञान शिकवतो. जुनाखडू सरांनी विषयाचं सांगितलंय, मी वर्गाचं सांगतो.

बारा-तेरा वर्षांची मुलं लहानांसारखी हात वर करत नाहीत. येत असलं तरी नाही. चुकलं तर मागचा हसेल, बरोबर आलं तर मागचा "हुशार" म्हणून चिडवेल. दोन्हीकडून मरण. त्यामुळे तुमच्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीने सहावीत सगळ्यांसमोर "कसं?" विचारलं ही मोठी गोष्ट होती. पुढच्या तासाला तिच्याकडे जाऊन "तुझा प्रश्न बरोबर होता, मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही" एवढं म्हणा. त्याने मान जात नाही, मी अनेकदा म्हटलंय. उलट त्यानंतर दोघं-तिघं जास्त विचारायला लागतात.

मी काय करतो: प्रश्न विचारला की आधी सगळ्यांनी कागदावर उत्तर लिहायचं, मग शेजाऱ्याला दाखवायचं, मग मी विचारणार. तोवर उत्तर एकट्याचं राहत नाही, दोघांचं होतं. हसणाऱ्याला हसायला माणूस सापडत नाही.

दुसरं, थांबणं. मेरी बड रो या बाईंनी प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंद थांबत आणि मग स्वतःच बोलत. तीन सेकंदांच्या वर थांबायला शिकवलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, स्वतःहून बोलणारी मुलं वाढली, "माहीत नाही" कमी झालं. १९७० च्या दशकातलं काम आहे. तीन सेकंद म्हणजे काय ते वर्गात उभं राहून बघा, फार लांब असतात. मी बुटातल्या बुटात अंगठा तीनदा दाबतो. बाहेरून शांत दिसतो, आत अंगठा चालू.

शिस्तीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सात पाठ वर आहेत म्हणून सांगतो. जेकब कौनिन यांनी १९७० मध्ये जे मांडलं ते मला पहिल्या वर्षी कुणी सांगायला हवं होतं. त्यांनी वर्गांची चित्रीकरणं पाहिली. गोंधळ झाल्यावर शिक्षक काय करतो यावरून शांत आणि बेशिस्त वर्ग वेगळे करता येईनात. फरक गोंधळ होण्याआधी होता. वर्गात कुठे काय चाललंय हे शिक्षकाला कळतंय, हे मुलांना कळत होतं. आपण म्हणतो ना, बाईंना पाठीलाही डोळे आहेत, तेच. म्हणून फळ्यावर लिहिताना पूर्ण पाठ फिरवू नका, तिरक्या उभ्या राहा. रंगीत खडूची चौकट जरा वाकडी आली तरी चालेल. (चौकटीबद्दल सॉरी, राहवलं नाही.)

---

हिशेबवही यांचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार. चौकटीचं मनावर घेतलंय :)

जुनाखडू सर, वाक्य आठवलं. माझ्या सहावीच्या बाईंचंच. "नियम तसाच आहे गं." "गं" तेवढा मी गाळला होता. पावणेदोनची गोष्ट रचून पाहिली, पहिली खरंच वाटणीचीच सुचली. मग फीत कापली. सव्वातीन मलाही वाटलं क्षणभर.

पहिलीचीबाई, लहान वर्ग सोपे हे शब्द परत घेते. उद्या दिवसभर बसायला जातेय.

---

हिशेबवही यांचा प्रतिसाद, चार आठवड्यांनी

सांगायला आलेय. बारांपैकी पाच पाठ झाले.

मुलीला भेटले. "तुझा प्रश्न बरोबर होता" म्हटल्यावर तिने "कोणता?" असं विचारलं. ती विसरली होती! मीच महिनाभर घेऊन फिरत होते. तरी फीत दिली. तिने कापली, सव्वातीन म्हणाली, मग स्वतःच "थांबा थांबा" म्हणाली आणि उरलेला तुकडा दुसऱ्या तुकड्यावर ठेवून बघितला. पुढचं मी बोलले नाही. अंगठा दाबत उभी होते.

पण खरं सांगायचं ते कालच्या पाठाचं. दशांश अपूर्णांकांची तुलना. पेन्सिलच्या वहीत उजवीकडे लिहून नेलं होतं: "०.३५ मोठा म्हणतील, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे." अगदी तसंच झालं. ०.३५ आणि ०.४ यांत मोठा कोणता, तर अर्ध्याहून जास्त कागदांवर ०.३५. मला काय आनंद झाला म्हणून सांगू, चुकीची उत्तरं बघून! पट्ट्या तयारच होत्या, दहा भाग, शंभर भाग, सगळं व्यवस्थित चाललं होतं.

एका मुलाचं उत्तर पहिल्यापासून बरोबर होतं. ०.४ मोठा. पूर्वीची मी "शाब्बास" म्हणून पुढे गेले असते. या वेळी का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "बाई, ०.३५ मध्ये शतांश आहेत. शतांश लहान असतात. म्हणून तो लहान."

माझ्या उजव्या रकान्यात हे नव्हतं. तीन सेकंद मुलांसाठी नाही, माझ्यासाठीच लागले. मग फळ्यावर लिहिलं, ०.४५ आणि ०.४. तो लगेच म्हणाला, "०.४ मोठा." ठामपणे. म्हणजे जितके अंक जास्त तितकी संख्या लहान, असा त्याने स्वतःचा नियम केला होता आणि आजवर कितीतरी गणितांत तो नियम त्याला बरोबर उत्तर देत आला असणार. बरोबरच्या खुणांखाली लपून राहिलेला.

तेवढ्यात घंटा झाली. अभिप्राय: "समारोप राहिला. वेळेचे नियोजन सुधारावे." गुण मागच्यापेक्षा कमी.

परवा त्याच वर्गावर पुढचा पाठ आहे. त्या मुलाला पट्ट्या दाखवल्या तर तो हो म्हणेल हे मला माहीत आहे, तो सगळ्यालाच हो म्हणतो. सुरुवात कुठून करू?

---

जुनाखडू यांचा प्रतिसाद

त्याला आधी ०.४ आणि ०.४० विचारा. पट्ट्या पिशवीतच राहू द्या. त्याच्या नियमाप्रमाणे ०.४० लहान यायला हवं. काय म्हणतो ते इथे लिहा, मलाही बघायचंय.

---

हिशेबवही यांचा प्रतिसाद

उजव्या रकान्यात दोन्ही उत्तरं लिहून ठेवली. तिसऱ्यासाठी जागा सोडलीय.